नकाराचा माग काढणारा वैयाकरण

पहिले महायुद्ध ऐन भरात असताना, १९१७ साली, कोपनहेगनच्या रॉयल डॅनिश अकादमीने दीडशे पानांचे एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. विषय होता इंग्रजी व अन्य भाषांतील नकार. माणसे खंदकांत मरत असताना ‘नाही’ या शब्दाचा इतिहास लिहीत बसणे हा कुणाला विद्वानांचा निवांत छंद वाटेल. परंतु या पुस्तकाचा जन्म युद्धामुळेच झाला होता. त्याचे लेखक ओटो येस्पर्सन कोपनहेगन विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. आपल्याकडील इंग्रजीच्या वर्गांत ते ‘जेस्परसन’ या नावाने ओळखले जातात. त्यांच्या ‘मॉडर्न इंग्लिश ग्रामर’ या बृहद्ग्रंथाचे पहिले दोन खंड जर्मनीतील हायडेलबर्गच्या कार्ल विंटर या प्रकाशकाने १९०९ आणि १९१४ मध्ये छापले होते. पुढच्या खंडासाठी नकारावरील प्रकरणे लिहून झाली आणि युद्धाने छपाईची वाट बंद केली. येस्पर्सन यांनी हस्तलिखित कपाटात ठेवून दिले नाही. त्यात डॅनिश, फ्रेंच, जर्मन, लॅटिन आदी भाषांमधील निरीक्षणांची भर घालून त्यांनी त्याचे स्वतंत्र पुस्तक केले. त्यानंतर नकारावर जे जे लिहिले गेले, त्यातील फारच थोडे या पुस्तकाला वळसा घालून जाऊ शकले.

येस्पर्सन यांचा जन्म १६ जुलै १८६० रोजी डेन्मार्कच्या जटलंड प्रांतातील रँडर्स या गावी झाला. घराणे कायदेपंडितांचे, वडील न्यायखात्यात अधिकारी होते. ओटो लहान असतानाच वडील गेले आणि काही वर्षांतच आईचेही छत्र हरपले. शाळकरी वयात त्यांच्या हाती रास्मुस रास्क या थोर डॅनिश भाषापंडिताचे लेखन पडले आणि भाषांचा नाद लागला तो कायमचा. तरीही १८७७ साली कोपनहेगन विद्यापीठात त्यांनी प्रवेश घेतला तो घराण्याच्या रिवाजाप्रमाणे कायद्याच्या शाखेत. चार वर्षे त्यांनी तो अभ्यास रेटला. कलमे घोकायची आणि दुसऱ्यांची मते पाठ म्हणून दाखवायची, याचा त्यांना मनस्वी कंटाळा आला आणि १८८१ मध्ये त्यांनी कायद्याला रामराम ठोकून भाषांच्या अभ्यासाकडे मोर्चा वळवला. उपजीविकेसाठी या काळात ते डॅनिश संसदेत लघुलेखकाचे काम करीत. माणसे प्रत्यक्षात कशी बोलतात, कुठे अडखळतात, वाक्य कुठे सुरू करून कुठे नेऊन सोडतात, हे रोज कानांनी टिपण्याचा हा धंदा होता. पुढे व्याकरण लिहिताना हा कान त्यांना किती उपयोगी पडला असेल, याची कल्पना करता येते.

१८८७ साली फ्रेंच हा मुख्य विषय आणि इंग्रजी व लॅटिन हे दुय्यम विषय घेऊन ते पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण झाले आणि इंग्लंड, फ्रान्स, जर्मनीच्या प्रवासास निघाले. इंग्लंडमध्ये हेन्री स्वीट आणि फ्रान्समध्ये पॉल पासी या ध्वनिशास्त्रज्ञांशी त्यांचा स्नेह जुळला. जगभरातील ध्वनींसाठी एकच लिपी असावी, ही सूचना पासी यांना पत्राने करणारे येस्पर्सनच. आजच्या शब्दकोशांत उच्चार दाखवणारी आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी त्यातून आकाराला आली. परतल्यावर त्यांनी इंग्रजीतील विभक्तींच्या इतिहासावर प्रबंध लिहून १८९१ मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्यांचे गुरू विल्हेल्म थॉमसन यांनी विद्यापीठातील इंग्रजीचे अध्यासन लवकरच रिकामे होणार हे हेरून त्यांना त्या दिशेने तयारी करण्याचा सल्ला दिला होता. १८९३ मध्ये ते अध्यासन त्यांना मिळाले आणि १९२५ पर्यंत, सलग बत्तीस वर्षे, त्यांनी ते भूषविले. १९२०-२१ मध्ये ते विद्यापीठाचे कुलगुरूही होते.

त्या काळी भाषापंडितांमध्ये एक समज घट्ट होता. संस्कृत, ग्रीक, लॅटिन या प्राचीन भाषा म्हणजे परिपूर्णतेचा कळस आणि विभक्तिप्रत्यय झडलेल्या आधुनिक भाषा म्हणजे त्यांचे भग्नावशेष, असे मानले जाई. १८९४ च्या ‘प्रोग्रेस इन लँग्वेज’ या ग्रंथात येस्पर्सन यांनी हे चित्र उलटे केले. कमी साधनांत अधिक अर्थ पोहोचवणारी भाषा पुढारलेली, असा त्यांचा दावा होता आणि इंग्रजी हे त्याचे ठळक उदाहरण. हा दावा आज जसाच्या तसा कुणी स्वीकारणार नाही; भाषांची अशी प्रतवारी लावता येत नाही, हे आता सर्वमान्य आहे. पण त्यातील एक सूत्र त्यांच्या सर्व लेखनात टिकले. भाषेत झालेला बदल म्हणजे बिघाड, असे गृहीत धरून चालायचे नाही. तो का झाला, हे आधी शोधायचे.

नकाराचा इतिहास लिहिताना त्यांनी हेच केले. प्राचीन इंग्रजीत नकारासाठी ‘ने’ हा एवढासा शब्द क्रियापदाच्या आधी येई. तो इतका हलका आणि आघातहीन होता की बोलण्याच्या ओघात ऐकू येईल की नाही, याची शाश्वती नसे. होकार आणि नकार यांतील फरक तर भाषेतील सर्वांत महत्त्वाच्या फरकांपैकी. तो एका पुसट अक्षरावर सोडून भागेना. म्हणून बोलणारे त्याला जोड देऊ लागले. ‘काहीही नाही’ या अर्थाचा एक जुना शब्द क्रियापदाच्या मागे येऊ लागला; तोच झिजत ‘नॉट’ झाला. चॉसरच्या काळात, चौदाव्या शतकात, पुढे ‘ने’ आणि मागे ‘नॉट’ अशी दुहेरी तटबंदी दिसते. मग आधीच अशक्त झालेला ‘ने’ गळून पडला आणि ‘आय से नॉट’ अशी रचना उरली. परंतु नकार ऐकणाऱ्याला लवकर कळावा, शक्यतो क्रियापदाच्या आधी कळावा, अशी माणसाची स्वाभाविक ओढ असते, असे येस्पर्सन यांचे निरीक्षण होते. ‘डू’ या साहाय्यक क्रियापदाने ही सोय करून दिली. ‘आय डू नॉट से’ या वाक्यात ‘नॉट’ पुन्हा मुख्य क्रियापदाच्या पुढे आला. आणि साधारण सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून बोलण्यात तो ‘डू’ला चिकटून ‘डोन्ट’ झाला. म्हणजे पुन्हा एकदा आक्रसला. ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ यांतील फरक भरभर बोलताना जेमतेम एका स्वरावर तगून राहतो. चाक फिरून बरेचसे जुन्या जागी आले होते.

फ्रेंचमध्येही तेच घडले होते. लॅटिनमधील ‘नॉन’चा फ्रेंचमध्ये ‘न’ झाला, त्याला जोड म्हणून ‘पा’ आला. ‘पा’ म्हणजे पाऊल. ‘एक पाऊलही चाललो नाही’ अशा वाक्यांतून तो शिरला आणि पावलाशी काही संबंध नसलेल्या क्रियापदांनाही लागू झाला. ठिपका, कण, थेंब या अर्थाचे शब्दही फ्रेंचने याच कामाला जुंपले होते. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. ‘तसूभरही हलला नाही’ म्हणणाऱ्या कितीजणांना आज तसू म्हणजे किती लांबी हे सांगता येईल? बोलण्यातल्या फ्रेंचमध्ये पुढे ‘न’ गळू लागला आणि मूळचे पाऊल एकट्याने नकाराचा भार वाहू लागले. येस्पर्सन यांच्या मातृभाषेतील ‘इके’ हा नकारही ‘एक वस्तू’ या अर्थाच्या शब्दापासूनच निघालेला. फ्रेंचमधील ही प्रक्रिया आंत्वान मेये यांनी १९१२ मध्ये वर्णन केली होती. येस्पर्सन यांनी अनेक भाषांचे धागे एकत्र आणून तिचा सर्वसाधारण आकृतिबंध दाखवला.

या इतिहासामुळे इंग्रजी शाळांतील एका लाडक्या नियमाची पंचाईत झाली. दोन नकार म्हणजे एक होकार, हा तो नियम. रॉबर्ट लाउथ या धर्मपंडिताने १७६० च्या दशकात आपल्या इंग्रजी व्याकरणात तो सांगितला. लाउथ पुढे लंडनचे बिशप झाले. वास्तविक लाउथ हे टीकाकार रंगवतात तेवढे कर्मठ नव्हते. वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय ठेवण्याविषयी लिहिताना त्यांनी स्वतःच्याच वाक्याचा शेवट तसा केला आहे. पण दुहेरी नकाराचा नियम शाळामास्तरांच्या हाती पडला आणि ‘आय डिडन्ट सी नथिंग’ म्हणणारा लंडनचा कामगार अडाणी ठरला. अडाणी तर ठरलाच, वर तर्कशून्यही. गंमत अशी की चॉसरने एकाच वाक्यात चार-चार नकार बिनदिक्कत वापरले आहेत आणि शेक्सपिअरलाही त्यांचे वावडे नाही.

येस्पर्सन यांनी या प्रश्नाची उकल मोठ्या संयमाने केली. दोन नकार एकमेकांना छेदतात ते केव्हा? जेव्हा ते एकाच शब्दावर पडतात तेव्हा. ‘नॉट अनकॉमन’ म्हणजे विरळा नसलेले. तिथेही बेरीज-वजाबाकी शून्यावर येत नाही; ‘नॉट अनकॉमन’ हे ‘कॉमन’पेक्षा सौम्य असते, कारण ऐकणाऱ्याच्या मनाला वळसा घालून अर्थापर्यंत जावे लागते आणि त्या वळशात विधानाचा जोर ओसरतो. परंतु जिथे नकार वाक्यातील वेगवेगळ्या शब्दांवर पसरलेला असतो, तिथे बोलणारा एकच नकार पुनःपुन्हा दाखवत असतो. कर्ता अनेकवचनी असेल तर विशेषण आणि क्रियापदही अनेकवचनी करणाऱ्या भाषा आहेतच. त्यांना कुणी तर्कदुष्ट म्हणत नाही. मराठीत ‘कुणीही कधीही काहीही बोलले नाही’ म्हणताना नकार एकदाच येतो, तर रशियन किंवा स्पॅनिश माणूस तो हवा तेवढा पसरवतो. ज्या भाषेत नकाराचे चिन्ह लहानसे असते, तिथे त्याची पुनरुक्ती होण्याचा कल अधिक, असे त्यांना दिसले. प्रमाण इंग्रजीने ही पुनरुक्ती टाकली, ही त्या भाषेची एक निवड झाली. ती पाळू नये, असे येस्पर्सन कुठेही सांगत नाहीत. न पाळणाऱ्याच्या बुद्धीवर शंका घेण्याला मात्र त्यांनी आधार ठेवला नाही.

पुस्तकाचा खरा ऐवज याच्याही पुढे आहे. वाक्यात ‘नॉट’ कुठे बसतो आणि कोणत्या शब्दाशी जोडला जातो, याचा त्यांनी घेतलेला शोध आजही वाचनीय वाटतो. नकाराचे त्यांनी दोन प्रकार केले. एक संपूर्ण विधानाचा नकार आणि दुसरा एखाद्या शब्दापुरता मर्यादित नकार. ‘नॉट ऑल्वेज’ म्हणजे नेहमी असे नाही, कधी कधी असेल. क्रियाविशेषण नकाराच्या बाहेर काढले की अर्थ ‘नेव्हर’कडे सरकतो. शब्दयोगी अव्ययांबरोबर हा खेळ अधिक रंगतो. ‘नॉट इन टाइम’ म्हणजे वेळेवर नाही; ‘इन नो टाइम’ म्हणजे क्षणार्धात. शब्द जवळपास तेच, ‘इन’ या अव्ययाच्या कोणत्या बाजूला नकार उभा आहे यावर माणूस उशिरा आला की झटकन आला हे ठरते. पहिल्यात सारे विधान नाकारले जाते, दुसऱ्यात नकार ‘टाइम’पुरता कोंडला जातो आणि वाक्य होकारार्थीच राहते. ‘फॉर नथिंग’ म्हणजे फुकट किंवा विनाकारण; ‘नॉट फॉर नथिंग’ म्हणजे उगाच नव्हे, त्याला कारण आहे. ‘विदाउट’ हे तर स्वतःच नकार पोटात घेऊन बसलेले अव्यय. म्हणून त्याच्यामागे ‘सम’ऐवजी ‘एनी’ येतो आणि ‘नॉट विदाउट’ म्हटले की सावध होकार तयार होतो. ‘बट’ची गोष्ट आणखी मजेची. मूळचा अर्थ ‘बाहेर’. ‘नथिंग बट’ म्हणजे केवळ तेच आणि ‘एनिथिंग बट’ म्हणजे ते सोडून काहीही. परक्या भाषेतून इंग्रजी शिकणाऱ्याने या दोहोंत एकदा तरी ठेच खाल्लेली असते.

‘नो मोअर देन’ आणि ‘नॉट मोअर देन’ यांतील भेद त्यांनी असाच नेमका पकडला. ‘नो मोअर देन टेन’ म्हणजे अवघे दहा; बोलणाऱ्याला ते कमी वाटतात. ‘नॉट मोअर देन टेन’ म्हणजे फार तर दहा. नऊ असतील, आठही असतील. ‘नो लेस देन टेन’मध्ये तब्बल दहा असल्याचे कौतुक आहे, ‘नॉट लेस देन टेन’मध्ये किमान दहा एवढाच हिशेब. करारनाम्यात यांतील एक शब्द चुकला तर वकिलांची चांदी होईल. याच अनुषंगाने त्यांनी एक व्यापक नियम सुचवला: संख्या किंवा प्रमाण नाकारले की भाषेत त्याचा अर्थ बहुधा ‘त्याहून कमी’ असा होतो. टेकडी दोनशे फूट उंच नाही म्हटले तर ती तीनशे फूट असेल, असे कुणी समजत नाही, वास्तविक तर्काने तेही चालायला हवे. चहा गरम नाही म्हटले तर तो कोमट किंवा गार असतो. उकळता असू शकतो हे आपल्या मनातही येत नाही.

‘हार्डली’ आणि ‘स्केअर्सली’ या क्रियाविशेषणांना त्यांनी अपूर्ण नकारांत स्थान दिले. ‘हार्डली’चा मूळ अर्थ जोराने, कठोरपणे. त्यातून ‘कष्टाने’ आणि त्यातून ‘जवळजवळ नाहीच’. शब्दात नकाराचे एकही अक्षर नाही, तरी वाक्य त्याला नकार मानून वागते; ‘एनी’ घेते, आणि शेवटी जोडायचा प्रश्न होकारार्थी ठेवते. उलट ‘ऑलमोस्ट’ होकाराच्या बाजूने उभा राहतो. वस्तुस्थिती जवळपास तीच असली तरी बोलणाऱ्याची नजर कोणत्या दिशेला आहे, हे या क्रियाविशेषणांवरून कळते. ‘अ लिटल’ आणि ‘लिटल’ यांतही तेच: एकात थोडे आहे याचे समाधान, दुसऱ्यात फारसे नाही याची खंत.

नकार आपली जागा सोडून मुख्य क्रियापदाकडे धाव घेतो, हेही त्यांनी नोंदवले. ‘आय डोन्ट थिंक ही विल कम’ म्हणणारा माणूस विचार करीतच नाही असे नव्हे. तो येणार नाही असा त्याचा विचार आहे. ‘मला वाटत नाही तो येईल’ हे मराठी वाक्यही नेमके तसेच चालते. आणि या धावपळीत कधी अर्थाचा गोंधळ होतो. ‘ही डिडन्ट कम बिकॉज ऑफ द मनी’ या वाक्यातून माणूस पैशामुळे आला नाही हेही निघते आणि आला, पण पैशासाठी नव्हे, हेही. छापील वाक्य याचा निवाडा देत नाही. बोलणाऱ्याचा स्वर देतो. संसदेतल्या माजी लघुलेखकाला ही अडचण अनोळखी नसावी.

हे सारे निष्कर्ष कागदाच्या चिठ्ठ्यांवर उभे होते. कादंबऱ्या, नाटके, निबंध, वृत्तपत्रे वाचताना मनाजोगते उदाहरण दिसले की येस्पर्सन ते चिठ्ठीवर उतरवून घेत आणि अशा चिठ्ठ्यांचे ढीग वर्षानुवर्षे वाढत राहिले. नियम आधी आणि उदाहरण मागून, हा शिरस्ता त्यांनी उलटा केला. इंग्लंडमधील नियमनिष्ठ मंडळींशी त्यामुळे त्यांचे खटके उडाले. त्यांतील सर्वांत गाजलेला खटका एच. डब्ल्यू. फाउलर यांच्याशी उडाला. ‘विदाउट हिम नोइंग’ की ‘विदाउट हिज नोइंग’, असा तो वाद. अव्ययामागे येणारी ‘हिम नोइंग’सारखी रचना व्याकरणात बसत नाही, असे फाउलर यांचे म्हणणे, येस्पर्सन यांनी १९२६ साली शतकानुशतकांच्या लेखकांतून अशा रचनांची रांगच उभी केली आणि फाउलर यांनी पुढच्याच वर्षी त्यांना उत्तर दिले. फाउलर काही मागे हटले नाहीत. पण डेन्मार्कचा एक प्राध्यापक इंग्रजांना त्यांच्याच भाषेचे पुरावे दाखवतो आहे, हे दृश्य अनेकांना रुचले नसल्यास आश्चर्य नाही.

ही पद्धत येस्पर्सन यांनी सर्वत्र तितक्याच कसोशीने पाळली असती तर बरे झाले असते. १९२२ च्या ‘लँग्वेज’ या गाजलेल्या ग्रंथात स्त्रियांच्या भाषेवर एक प्रकरण आहे. स्त्रियांचा शब्दसंग्रह मर्यादित असतो, त्या वाक्ये अर्धवट सोडतात, अशी विधाने त्यात येतात आणि आधार बव्हंशी कादंबऱ्यांतील पात्रांचा व ऐकीव गोष्टींचा. एकेका ‘नॉट’साठी शेकडो दाखले मागणाऱ्या माणसाने निम्म्या मानवजातीबद्दल इतक्या सैलपणे लिहावे, हे खटकते. नंतरच्या अभ्यासकांनी त्या प्रकरणाचे वाभाडे काढले, ते योग्यच झाले.

भाषेच्या अध्यापनावरही त्यांनी मोठे काम केले. १८८६ मध्ये स्कँडिनेव्हियातील समविचारी मंडळींसह त्यांनी भाषांतर-घोकंपट्टीच्या पद्धतीविरुद्ध चळवळ उभारली. या विषयावरील त्यांचे पुस्तक १९०४ साली इंग्रजीत आले. १९०५ चे ‘ग्रोथ अँड स्ट्रक्चर ऑफ द इंग्लिश लँग्वेज’ हे भारतातील इंग्रजीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्याही परिचयाचे. १९२४ च्या ‘फिलॉसॉफी ऑफ ग्रामर’मध्ये नकारावरील विचार पुन्हा नेटकेपणे आले. जगासाठी एक कृत्रिम भाषा असावी, या ध्यासापायी ते आधी ‘इडो’ या भाषेच्या चळवळीत शिरले आणि १९२८ मध्ये त्यांनी ‘नोव्हियल’ नावाची स्वतःची भाषा मांडली. ती रुजली नाही. माणसे भाषा कशी घडवतात हे आयुष्यभर टिपणाऱ्या विद्वानाला एका टेबलावर बसून भाषा घडवता येईल असे वाटावे, हा त्यांच्या स्वभावातला एक न सुटलेला पेच म्हणावा लागेल.

निवृत्तीनंतरही व्याकरणाचे काम थांबले नाही. तिसरा खंड १९२७ मध्ये, चौथा १९३१ मध्ये आला. आयुष्याच्या उत्तरार्धात हेल्सिंगोर येथील लुंडेहावे ही वास्तू त्यांना सन्मानाने राहण्यासाठी मिळाली. हॅम्लेटचे एल्सिनोर ते हेच. इंग्रजीच्या डॅनिश अभ्यासकाला याहून शोभेसा पत्ता मिळाला नसता. १९३६ साली कोपनहेगनमध्ये भरलेल्या भाषाशास्त्रज्ञांच्या जागतिक परिषदेचे ते अध्यक्ष होते. १९३८ मध्ये त्यांनी डॅनिशमध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध केले.

एप्रिल १९४० मध्ये जर्मन फौजांनी डेन्मार्क ताब्यात घेतला. पहिल्या महायुद्धाने त्यांच्या व्याकरणाची छपाई अडवली होती. या वेळी मात्र काम कोपनहेगनमध्येच मुंक्सगार्ड यांच्याकडे चालू राहिले. पाचवा खंड १९४० मध्ये आला आणि १९१७ साली मूळ ग्रंथापासून सुटलेला नकार त्यात आपल्या जागी परत आला. सहावा खंड तरुण सहकाऱ्यांच्या मदतीने १९४२ मध्ये पूर्ण झाला. ३० एप्रिल १९४३ रोजी रोस्किल्ड येथे येस्पर्सन यांचे निधन झाले. सातवा खंड त्यांचे सहकारी नील्स हाइसलुंड यांनी पुरा करून १९४९ मध्ये प्रकाशित केला. पहिल्या खंडापासून चाळीस वर्षे लोटली होती.

‘ने’पासून ‘डोन्ट’पर्यंतच्या त्या प्रवासाला १९७९ साली स्वीडिश भाषाशास्त्रज्ञ ओस्टेन डाल यांनी ‘येस्पर्सन चक्र’ असे नाव दिले. आता इंग्रजी आणि फ्रेंचशी कोणतेही नाते नसलेल्या भाषांतही अभ्यासक हे चक्र शोधतात, आणि पुष्कळदा ते सापडते. पॅरिसच्या रस्त्यावर बोलल्या जाणाऱ्या फ्रेंचमध्ये ‘न’ आता क्वचितच कानी पडतो. शाळेच्या वहीत मात्र तो अजून लिहावा लागतो.